दाजी, तीन मीटरची पट्टी जिन्यात अडकली

सगळ्या जयपुरात माझ्याइतका सरळ प्लाय कापणारा दुसरा मराठी माणूस नाही. म्हणजे एक होता, तो मागच्या महिन्यात गेला, आणि हे मी त्यालाच लिहितोय.

दाजी, माझा तुमच्यावर राग आहे. तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुठं माझा आवाज बसला तर तुम्ही त्याचा भलता अर्थ काढू नका. तुमच्याबद्दल चांगलं बोलणारे लई आहेत. पलटणीतले तुमचे जुने साथी आहेत, दुर्गापुऱ्यातले शेजारी आहेत, आक्का तर आहेच. मी तुमचा मेव्हणा. माझ्या वाट्याला भांडण आलंय, आणि तेसुद्धा तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

भांडण काय होतं ते बाकीच्यांना सांगू द्या, तुम्हाला तर पाठच आहे. आपण दोघं प्लायची कपाटं करायचो. कापायला ट्रॅक सॉ. ही करवत मोकळी चालवायची नाही. प्लायवर ॲल्युमिनियमची लांब रेल ठेवायची आणि तिच्यावरून करवत ढकलत न्यायची, रुळावरून डबा जातो तशी. त्या रेलला आपण पट्टी म्हणायचो. पट्टी सरळ तर काप सरळ. आता प्रश्न असा, की पट्टी केवढी घ्यायची. मी म्हणायचो, तीन मीटरची एकच अखंड घ्या, आठ फुटी प्लाय एका दमात फाडून होतो, कटकट नाही. तुम्ही म्हणायचात, चौदाशे मिलिमीटरच्या दोन बऱ्या. लागतील तेव्हा जोडायच्या, नाहीतर सुट्या वापरायच्या. झालं, एवढंच. एवढ्याशावरून आपण इतकं तोंड वाजवलं, की आक्कानं शेवटी सांगून टाकलं होतं, जेवताना पट्टी निघाली तर दोघांची ताटं उचलीन. एकदा उचललं पण होतं. माझंच. तुमचं राहू दिलं.

ह्या विषयात माझा अधिकार मोठा. आपली पहिली पट्टी मीच आणली होती. तुम्ही मला पाठवलंत आणि सांगितलंत, आठ फुटी प्लायला पुरेल अशी आण. दुकानात तीन मीटरची होती. मी विचार केला, प्लाय आठ फूट, पट्टी जवळपास दहा फूट, वरचं काय करायचं? शिवाय ऑटोवाला कुरकुर करत होता. मी दुकानदाराकडूनच ती बरोब्बर आठ फुटावर कापून घेतली आणि उरलेला तुकडा तिथंच सोडून आलो. येताना वाटत होतं, दाजी खूश होतील, पोरगं डोकं चालवायला लागलं.

तुम्ही पट्टी प्लायवर ठेवलीत. दोन्हीकडची टोकं कशी जुळली बघा, म्हणून मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. तुम्ही करवत उचलून पट्टीच्या सुरुवातीला ठेवलीत. तिचा अर्धा पाय पट्टीवर, अर्धा हवेत. करवत हातात धरून तसेच माझ्याकडं बघत उभे राहिलात. मग हळूच विचारलंत, "सदाशिवराव, करवत उभी कुठं राहणार?"

तुम्ही मला सदा म्हणायचात. सदाशिवराव म्हणालात की समजायचं, माझं काहीतरी चुकलंय.

तेव्हा मला कळलं, की करवतीला प्लायवर चढायच्या आधी पट्टीवर नीट बसावं लागतं, आणि पार उतरेपर्यंत पट्टी खाली लागते. म्हणून पट्टी कापापेक्षा लांबच पाहिजे, पुढं पण आणि मागं पण. हे कुणाही शहाण्या माणसाला बघून कळलं असतं. मला पट्टी कापून आणल्यावर कळलं. ती आठ फुटी पट्टी आक्कानं गॅलरीत टांगली, त्यावर कपडे वाळत घालते. पाहुणे आले की तुम्ही त्यांना गॅलरीत नेऊन दाखवायचात, "ही आमच्या मेव्हण्याची खरेदी." मी पण मागून यायचो आणि बाकीची गोष्ट रंगवून सांगायचो, कारण तुम्ही फार थोडक्यात सांगायचात. त्यात मजा राहायची नाही.

त्यानंतर तुम्ही स्वतः जाऊन दोन चौदाशेच्या आणल्यात. आक्कानं जुन्या रजईच्या खोळीची त्यांना पिशवी शिवली. ती पिशवी खांद्याला लावून तुम्ही बसमध्ये चढायचात तेव्हा सांगानेरच्या बसचा कंडक्टर दरवेळी विचारायचा, "फौजी साहब, इसमें बंदूक तो नहीं है?" आणि तुम्ही दरवेळी तितक्याच गंभीरपणे सांगायचात, "बंदूक पीछे आ रही है." मागं मी असायचो, करवत घेऊन.

आणखी एक सांगतो, हे आक्काला पण कधी बोललो नाही. गावाकडं मला कुणी खिळा ठोकायला सुद्धा देत नव्हतं. शाळेनं मला सोडलं, का मी शाळेला, ह्यावर घरात दोन मतं होती. तुम्ही मला इकडं आणलंत आणि पहिल्याच कामाला करवत माझ्या हातात दिलीत. "मी खुणा करतो, तू काप." मला वाटलं एक-दोन दिवस देतील, मग झाडू देतील. तुम्ही ती परत कधी घेतलीच नाहीत. करवतीचा आवाज मोठा, भुसा उडतो, बघणारे सगळे माझ्याकडं बघायचे. घरमालकांना वाटायचं मिस्त्री मी, आणि तुम्ही हेल्पर. "मिस्त्रीजी, ज़रा देखिए," म्हणून मला हाक मारायचे. तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत. पिशवी उचलून माझ्या मागून चालत राहिलात. मी पण सांगितलं नाही, मला आवडत होतं ते.

पण रागाचं सांगत होतो.

दोन पट्ट्या जोडायच्या म्हणजे मध्ये सांधा आला. आत दोन लोखंडी चपट्या कांबी सरकवायच्या आणि स्क्रू आवळायचे. तुम्ही जोडलीत की काप सरळ यायचा. तुम्ही दात दाखवायला गेला होतात त्या दिवशी मी जोडली, आणि काप मधोमध वाकला. दोन दारं शेजारी उभी केली तर मध्ये फट, नाणं आरपार जाईल अशी. मी म्हटलं सांध्यातच खोट आहे. तुम्ही म्हणालात खोट हातात आहे. मी म्हटलं, मग अखंड पट्टी घ्या ना, हात आणि सांधा दोन्हीचा प्रश्न मिटला. तुम्ही म्हणालात, "आणि ती नेणार कशी? लिफ्टमध्ये? बसमध्ये? तुझ्या शेंडीला बांधून?" मला टक्कल आहे हे तुम्हाला माहीत होतं.

बरं, तुमचं म्हणणं मला पटत नव्हतं असं पण नाही. चार फुटाच्या आडव्या कापाला तुमची एक चौदाशेची नेमकी पुरायची, पुढंमागं मिळून वीतभर जागा उरायची. तीन मीटरची तिथं म्हणजे माजघरात बैलगाडी. ते मला दिसत होतं. पण एकदा तोंडातून निघालं होतं ना, तीन मीटर, तीन मीटर. आता मागं कसं जायचं? आणि तुम्ही पण कधी असं म्हणाला नाहीत, की सदा, इकडं ये, बघ मी सांधा कसा मारतो. म्हणाला असता तर?

इथं मला जरा थांबावं लागेल, कारण तुम्ही म्हणाला नाहीत हे खरं असलं तरी मी तिथं असायचो कुठं? तुम्ही पट्ट्या जोडायला बसलात की मी चहाला जायचो. दरवेळी. ती माझी चहाची वेळच ठरून गेली होती. परत यायचो तोवर पट्टी जोडून प्लायवर तयार. मी मिशी पुसायचो आणि करवत चालू करायचो. इतक्या वर्षांत तो सांधा बसताना मी एकदाही बघितला नाही. टपरीवाल्याला माझ्या मुलखातली सगळी माणसं माहीत आहेत, मला तुमचा सांधा माहीत नाही.

आता शेवटची संध्याकाळ. शास्त्री नगरचं काम घेतलं होतं आपण, कुलकर्णी वहिनींचं. त्यांचे मिस्टर विमा कंपनीत, बदलीची माणसं. वहिनींचा एकच घोषा, "सदाभाऊ, ह्यांची बदली व्हायच्या आत कपाट होईल ना?" सात फुटी कपाट, सागाच्या विनियरचे दोन मोठे पल्ले, म्हणजे दारं. तुम्ही दिवाणावर आडवे झाला होतात. दिवसभर दमल्यासारखं करत होतात, आणि मी फोनवर तीन मीटरच्या पट्टीचे व्हिडिओ तुमच्या नाकापुढं नाचवत होतो.

"जिना बघितलास का तिथला?" तुम्ही विचारलंत.

"बघितला."

"वळण बघितलंस?"

"वळणाचं मी बघतो दाजी. तुम्ही फक्त हो म्हणा."

तुम्ही छताकडं बघितलंत. मी वाट बघत होतो, आता शेंडी निघेल, आता सदाशिवराव निघेल. तुम्ही म्हणालात, "घे. घे तुला हवी ती." आणि भिंतीकडं तोंड केलंत.

मी आत जाऊन आक्काला सांगितलं, आज दाजी हरले. ती म्हणाली, "त्यांना बरं वाटत नाहीये, हळू बोल." मी त्या दिवशी एक चपाती जास्त खाल्ली. जिंकलो होतो ना.

सकाळी तुम्ही उठला नाहीत.

आता तुम्हीच सांगा, मी ह्याचं काय करू? तुम्हाला पटलं होतं म्हणून घे म्हणालात, का माझी कटकट सहन होत नव्हती म्हणून? तुम्ही कधीच हार मानणारे नव्हतात. पलटणीत बुद्धिबळात हरायला लागलात की पट उलटा व्हायचा, असं तुमचेच साथी सांगतात. मग माझ्यासमोरच कशी मानलीत? मला बरं नाही, असं नीट म्हणाला असता तर मी फोन खिशात ठेवला असता, डॉक्टरकडं नेलं असतं. घे म्हणालात. माणसानं जाताना असं काही बोलू नये, की मागं राहिलेल्याला त्याचा अर्थ लावत बसावं लागेल.

तिसऱ्या दिवशी तीये की बैठक झाली, म्हणजे शोकसभा. इथली रीत, शेजाऱ्यांनीच सतरंज्या घातल्या, सगळं केलं. लोक गप्प बसतात, फुलं वाहतात, हात जोडून जातात. मला ती शांतता सोसेना. मी उठलो आणि तुमची आठ फुटी पट्टीची गोष्ट सांगायला लागलो, मराठीतच, कारण घाबरलो की मला हिंदी सुचत नाही. पार करवत उभी कुठं राहणारपर्यंत सांगितली. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी हात जोडले होते. त्यांना वाटलं आमच्या भाषेतली प्रार्थना आहे. समोरच्या घरातले म्हातारे राठौडजी तर डोळे पुसत होते. बाहेर पडताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बहुत अच्छा पाठ किया आपने." आक्का पदराआड तोंड करून बसली होती. ती रडत होती का हसत होती, मला अजून माहीत नाही.

मग तुमच्या अभिजितनं पुण्याहून येऊन सगळ्यांसमोर विषय काढला. आईनं इथं एकटं राहून काय करायचं, पुण्याला चल. सांगानेरचा एक मिस्त्री सगळी मशीनं एकदम घ्यायला तयार आहे. मी म्हटलं, आणि मी? अभिजित म्हणाला, "मामा, तुझंही बघू ना काहीतरी." मतलब, काहीच नाही. त्याची चूक नाही, माझं बघण्यासारखं असतंच काय? लग्न झालं नाही, घर नाही, जयपुरात माझी ओळख म्हणजे फौजींचा मेव्हणा. आक्का म्हणाली, "कुलकर्ण्यांचं काम यांनी शब्द देऊन घेतलंय. ते ह्यानं नीट करून दाखवलं तर बघू. नाही जमलं तर मशीनं देऊन टाकते आणि येते तुझ्याकडं."

म्हणजे तुमचं हे कपाटांचं दुकान राहायचं का जायचं, आक्कानं इथं राहायचं का नाही, ते सगळं माझ्या हातावर आलं. त्याच हातावर, ज्यात तुमच्या मते खोट होती.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तीन मीटरची पट्टी आणली. तुम्ही घे म्हणाला होतात. तुमची शेवटची इच्छा आहे असं मी दुकानदाराला सांगितलं, त्यानं मान लवून बांधून दिली.

पल्ले कामावरच कापायचे, ही तुमची रीत. जुन्या इमारतीच्या भिंती तिरक्या असतात, आधी सांगाडा उभा करायचा आणि मग त्याच्या मापानं पल्ला. ती मी मोडणार नव्हतो. तिसऱ्या मजल्याच्या वर गच्ची, तिथं कापायचं. पहिला जिना पट्टी तोऱ्यात चढली. वळणावर अडकली. खालचं टोक पहिल्या मजल्याच्या दाराला टेकलेलं, वरचं छताला, मधे मी. मागं सरकवायला गेलो तर खालच्या दाराची घंटा दाबली जायची. दार उघडून एक आजी बाहेर आल्या. पट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"भैया, इतनी लंबी परदे की रॉड किसके घर लगेगी?"

मी म्हटलं, "माताजी, अंदर चलिए, फिर घंटी बजेगी." आणि वाजली.

वळण बघितलंस, असं तुम्ही विचारलं होतंत. वळणाचं मी बघतो, असं मी म्हणालो होतो. बघितलं.

मग दोर आणला आणि पट्टी बाहेरून गच्चीवर ओढली. ती दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर आपटली, चांगलाच आवाज आला. वर घेऊन बघितलं तर जिच्यावरून करवत सरकते ती धार एका जागी चेपलेली. एवढंस्सं. मी स्वतःला सांगितलं, एवढ्यानं काय होतंय. करवत लावली. अर्ध्यापर्यंत मस्त गेली आणि त्या चेपलेल्या जागी अडली. मी जोर लावला आणि तिनं उडी मारली. सागाच्या विनियरवर ओरखडा, काप बाहेर. पहिला मोठा शीट गेला. उरला एकच, त्यातूनच आता दोन्ही पल्ले काढायचे. तेवढ्यात कुलकर्णी वहिनी वर डोकावल्या, "होतंय ना सदाभाऊ?" मी ओरखड्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "होतंय की."

दुसऱ्या दिवशी रजईची पिशवी घेऊन गेलो. कंडक्टरनं विचारलं, "आज फौजी साहब नहीं आए?" मी खिडकीबाहेर बघत बसलो.

गच्चीवर दोन चौदाशेच्या जोडल्या. भंगार प्लायवर काप मारून बघितला, वाकडा. परत सोडल्या, परत जोडल्या. डोळा लावला, दोरी लावली, बोटानं चाचपलं. परत वाकडा, आता दुसऱ्या बाजूला. मधे दोन्ही पट्ट्या केसभर कोन करतात, आणि दोन मीटरवर केसभराचं बोटभर होतं. मी तुम्हाला तिथं काय काय बोललो ते लिहीत नाही. मोठ्यानं बोललो. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई ताट उचलून आत गेली. सांधा कसा मारायचा हे सांगितलं नाहीत, शिकवलं नाहीत, जाताना घे म्हणालात आणि भिंतीकडं तोंड केलंत. मला एकदा तरी चहाला जाऊ नको म्हणायचं होतंत. कानाखाली वाजवायची होती आणि बसवायचं होतं शेजारी.

आक्का डबा घेऊन वर आली तेव्हा मी पट्ट्यांच्या मधे मांडी घालून बसलो होतो.

"काय झालं रं?"

"सांधा बसत नाही."

"मग ते कसा बसवायचे?"

"मला काय माहीत? मी चहाला जायचो."

"रोज?"

"रोज."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी मी विहिरीत बादली सोडून दोर वर ठेवला होता, तेव्हा अशी बघत होती. मग खाली बसली आणि पिशवीत हात घातला. आत एक आठशेची आखूड पट्टी होती, ड्रॉवरची तोंडं कापायला घेतलेली. ती तिनं बाहेर काढली.

"ती लहान आहे आक्का. तिचं इथं काय काम?"

"माझ्या ओट्याखालची दारं यांनी केली तेव्हा तू कुठं होतास?"

मी भंगार प्लायवरचा भुसा झटकला.

"फरशीवर बसून करत होते. दोन्ही मोठ्या जोडल्या, आणि सांध्याला ही बाजूनं टेकवली, कडेला कडा. मला म्हणाले, दाबून धर, हलू देऊ नको. मग स्क्रू आवळले. मी म्हटलं, हे सदाला का सांगत नाही? तर म्हणाले, त्याला चहा पिऊन येऊ दे. हे त्याला कंटाळवाणं होईल. त्याला कापायला आवडतं."

दाजी, मी तुम्हाला इतक्या शिव्या घातल्या होत्या, त्यातली एक पण परत घ्यायला तोंड नव्हतं. तुम्ही मला चहाला जाऊ देत होतात. मी समजत होतो मी सटकतोय.

आक्कानं आखूड पट्टी सांध्यावर टेकवून दोन्ही हातांनी दाबली. मी स्क्रू आवळले, आधी एक बाजू, मग दुसरी. बोट फिरवलं तर सांधा कुठं लागेना. भंगारावर काप मारला, सरळ. आणखी एक मारला, खात्री म्हणून, कारण माझ्यावर माझा विश्वास नाही. मग तो शेवटचा सागाचा शीट घेतला. आक्का पलीकडच्या टोकाला उभी राहिली. मी करवत ठेवली, पट्टीवर तिचा पाय पुरता बसलाय का बघितलं, आणि ढकलली. मधल्या सांध्यावरून ती गेली तेव्हा मी श्वास धरला होता. तिला सांधा कळला पण नाही.

तरी एक गोष्ट राहिलीच आहे. घे तुला हवी ती, हे तुम्ही कशानं म्हणालात? आक्काला विचारलं. ती म्हणाली, दमले होते. कदाचित तेवढंच असेल. तुम्ही दमला होतात आणि मी फोन दाखवत होतो. पण मधेच असं पण वाटतं, की तुम्हाला पक्कं माहीत होतं ती पट्टी जिन्यात अडकणार. म्हणून घे म्हणालात. जा, अडक. हे जर खरं असेल तर मला लई बरं वाटेल. म्हणजे तुम्ही हरला नव्हतात.

संध्याकाळी दोन्ही पल्ले शेजारी उभे केले. मधे फट नाही. कुलकर्णी वहिनी वर आल्या, कडेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगदी काकांनी केल्यासारखं झालंय." मग मला स्फुरण चढलं. एक पल्ला उचलून छातीशी धरला आणि आक्काला म्हणालो, "बघितलंस ना? आता अभिजितला फोन कर. सांग, मशीनं कुठं जायची नाहीत, तू कुठं जायची नाहीस. दाजींचं दुकान आता मी चालवणार."

आक्कानं पदरानं पट्टीवरचा भुसा पुसला, पट्टी खोळीत सरकवली आणि गाठ मारली.

"दुकान मी चालवीन," ती म्हणाली. "तू आधी तो पल्ला सुलटा धर, उलटा धरलायस."